चिंता गेली, गोळी राहिली

चिंताविकारावरील ‘बेंझोडायझेपीन’ औषधांविषयी जगभर मतभेद. मावळातील रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

लोणावळा, खास प्रतिनिधी

बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे धावू लागली, तेव्हापासून मनाला विसावा हवा असणारी माणसे लोणावळा-खंडाळ्याची वाट धरत आली आहेत. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा शरीर व मनावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम येथे सुरू झाले. बाहेरच्यांना शांतता देणाऱ्या या तालुक्यातील रहिवाशांचे स्वतःचे जगणे मात्र तितके निवांत राहिलेले नाही. तळेगावच्या कारखान्यांतील रात्रपाळी, पुण्याकडे नोकरीसाठी लोकलने रोजचे जाणे-येणे, द्रुतगती मार्गावरील वाहनचालकांचे जागरण, पावसाळी हंगामावर अवलंबून असलेला हॉटेल व्यवसाय आणि जमिनीच्या व्यवहारांतून उभे राहिलेले घरोघरचे तंटे, ही आजच्या मावळाची दुसरी बाजू आहे. छातीत धडधड, हातापायाला कंप, रात्र रात्र झोप नाही, अशी तक्रार घेऊन माणूस जवळच्या दवाखान्यात जातो. तेथे त्याला ज्या औषधांचा आधार दिला जातो, त्यांत झोपताना घ्यायची एक लहानशी गोळीही असते. बोलीभाषेत तिला ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात तिचे कूळ ‘बेंझोडायझेपीन’ या नावाने ओळखले जाते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही या कुळातील परिचित नावे. चिंतेवर ही औषधे द्यावीत का, द्यायची तर किती दिवस द्यावीत, यावर गेली चार दशके वैद्यकीय जगतात वाद सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करताना या वादात स्पष्ट भूमिका घेतली. सततची चिंता किंवा भीतीचे झटके या विकारांच्या उपचारासाठी प्रौढांना बेंझोडायझेपीन देऊ नये. अतितीव्र लक्षणांचा तातडीचा प्रसंग असेल तरच द्यावे आणि तेही तीन ते सात दिवसांपुरते, असे संघटनेने म्हटले आहे. दुसरीकडे, या औषधांना विनाकारण बदनाम केले जात असल्याचे सांगणारे मानसोपचारतज्ज्ञही आहेत. या दोन टोकांच्या मध्ये रुग्ण उभा आहे. गोळी किती दिवस घ्यायची, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

गोळी नेमके काय करते?

मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देतात, तेव्हा काही रसायने त्या संदेशांचा वेग वाढवतात, तर काही त्याला आवर घालतात. आवर घालणाऱ्यांत ‘गॅबा’ हे प्रमुख रसायन आहे. गॅबा पेशीवरील ठरावीक ग्राहकाला चिकटले की पेशी शांत होते. बेंझोडायझेपीन स्वतः पेशीला शांत करीत नाही. ते त्याच ग्राहकावरील वेगळ्या जागी बसून गॅबाचा परिणाम वाढवते. मेंदूत या औषधाची अशी खास जागा आहे, हे १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

परिणाम जलद असतो. अर्ध्या-एक तासात धडधड कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते. चिंतेवरील बहुतेक अन्य औषधांना गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, हे लक्षात घेतले तर या गोळीची लोकप्रियता समजू शकते. रुग्णाला त्याच रात्री बरे वाटते आणि डॉक्टरांवरचा विश्वासही त्याच रात्री दृढ होतो.

अडचण पुढे सुरू होते. बाहेरून आवर मिळतो आहे हे ओळखून मेंदू आपली अंतर्गत व्यवस्था बदलतो आणि ग्राहकांची संवेदनशीलता कमी होते. काही आठवड्यांत, विशेषतः झोपेच्या बाबतीत, तीच मात्रा पूर्वीइतकी पुरत नाही. गोळी एकाएकी थांबवली तर आवर निघून जातो आणि उतारावरच्या गाडीचा ब्रेक सुटावा तशी मेंदूची स्थिती होते. निद्रानाश, घाम, कंप, प्रकाश व आवाज असह्य होणे, अनामिक भीती ही लक्षणे उद्भवतात. क्वचित फिट येण्यापर्यंत वेळ जाते.

यातील सर्वांत फसवी गोष्ट अशी, की गोळी बंद केल्यावर दिसणारी लक्षणे मूळ आजारासारखीच असतात. रुग्णाला वाटते, आजार उलटला. घरच्यांना वाटते, गोळीविना याचे चालणारच नाही. मग गोळी पुन्हा सुरू होते, बरे वाटते आणि समज पक्का होतो. अल्प्राझोलामसारख्या औषधात तर गोळी न सोडताही हा अनुभव येऊ शकतो. रक्तातील त्याचे प्रमाण सरासरी अकरा-बारा तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे एका मात्रेचा असर ओसरून दुसरीची वेळ होईपर्यंत मधल्या काळात अस्वस्थता डोके वर काढते. डायझेपाम व त्यापासून शरीरात तयार होणारे घटक मात्र कित्येक दिवस रेंगाळतात. वृद्धांमध्ये ते साचतही जातात.

गोळीच्या आकारावरून किंवा पाकिटावरील आकड्यावरून तिचा जोर ओळखता येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील प्राध्यापक हेदर ॲश्टन यांच्या कोष्टकानुसार अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामचे अर्धा मिलिग्रॅम हे डायझेपामच्या सुमारे दहा मिलिग्रॅमच्या तोडीचे असते. ‘पॉइंट फाइव्हचीच तर आहे’ हे समाधान त्यामुळे फसवे ठरते.

‘काम्पोज’पासूनचा प्रवास

या औषधांचा जन्म काहीसा अपघातानेच झाला. हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ संशोधन करीत होते. बाजूला पडलेले एक संयुग १९५७ मध्ये आवराआवरीच्या वेळी सापडले आणि चाचणीत त्याचे शामक गुण दिसून आले. ‘लिब्रियम’ या नावाने ते १९६० मध्ये बाजारात आले. १९६३ मध्ये डायझेपाम म्हणजे ‘व्हॅलियम’ आले. त्यापूर्वी वापरात असलेली बार्बिच्युरेट वर्गातील औषधे थोड्या जादा मात्रेनेही जीव घेत. त्या तुलनेत नवे औषध कितीतरी सुरक्षित होते. त्यामुळे डॉक्टरांनी त्याचे केलेले स्वागत अनाठायी नव्हते. १९७८ मध्ये एकट्या अमेरिकेत व्हॅलियमच्या सुमारे २ अब्ज ३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या.

भारतात साठच्या दशकाच्या अखेरीस रॅनबॅक्सी कंपनीने डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने आणले आणि ते इतके रुजले, की मराठी घरांत झोपेच्या कोणत्याही गोळीला ‘काम्पोज’ म्हणण्याची रीत पडली. पुढे अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम यांनी त्याची जागा घेतली. नैराश्यावरील औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र करून विकण्याची पद्धतही भारतीय बाजारात रूढ झाली. रुग्णाला एकच गोळी घ्यावी लागते, ही त्यातील सोय. परंतु नैराश्यावरील औषध काही महिने घ्यायचे असते आणि क्लोनाझेपाम काही आठवड्यांत थांबवायचे असते. दोन्ही एकाच गोळीत असल्यावर एक चालू ठेवून दुसरे कमी करता येत नाही, असा आक्षेप आहे.

आक्षेप कोणते?

नेहमीच्या मात्रेतही या औषधांचे अवलंबित्व निर्माण होते, हे ब्रिटनमधील माल्कम लेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. हेदर ॲश्टन यांनी न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात केवळ ही औषधे सोडवण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये सूचना दिली, की चिंता तीव्र आणि असह्य असेल तरच ही औषधे द्यावीत आणि दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. तेथे सुमारे १४ हजार रुग्णांनी उत्पादक कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी केली. मात्र निकालापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो बारगळला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूवर्गीय वेदनाशामकांसोबत ही औषधे घेण्याविरुद्ध, तर सप्टेंबर २०२० मध्ये गैरवापर, व्यसन, अवलंबित्व आणि औषध थांबवताना होणाऱ्या त्रासाविषयी सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश दिला.

ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत आक्षेप अधिक गंभीर आहेत. रात्री लघवीसाठी उठताना तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे, विसराळूपणा, दिवसा गुंगी या तक्रारींचा या औषधांशी संबंध आढळला आहे. वयोमानाने स्मृती मंदावली असे समजून जे सोडून दिले जाते, त्यामागे काही वेळा वर्षानुवर्षे चालू असलेली रात्रीची गोळी असू शकते. या औषधांमुळे कायमचा स्मृतिभ्रंश होतो का, याविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही.

दारूसोबत ही गोळी घेतल्यास दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळून श्वसन मंदावू शकते. सुटीच्या दिवशी मद्यपानाचे बेत आखून येणाऱ्या पर्यटकांच्या गावात या इशाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजू

तरीही हे औषध सरसकट वाईट, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही, असे मानणाऱ्यांचे मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा अवलंबित्व आणि व्यसन यांतील फरकाचा आहे. शरीराला औषधाची सवय लागणे आणि औषधासाठी खोटे बोलणे, मात्रा वाढवत नेणे, संसार वाऱ्यावर सोडणे या भिन्न गोष्टी आहेत. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा वर्षानुवर्षे न वाढवता घेणारे आणि त्यावर नोकरी-संसार नीट सांभाळणारे रुग्ण आहेत. त्यांना व्यसनी ठरवणे अन्यायाचे आहे.

दुसरा मुद्दा पर्यायांचा. चिंतेवर प्रथम पसंतीची मानली जाणारी ‘एसएसआरआय’ वर्गातील औषधे, उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन, तीही निर्दोष नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत ती अस्वस्थता वाढवू शकतात, लैंगिक तक्रारी निर्माण करतात आणि एकदम थांबवल्यास त्रास देतात. पहिले दोन-तीन आठवडे निभावून नेण्यासाठी सोबतीला बेंझोडायझेपीन देणे ही अनेक मानसोपचारतज्ज्ञांची रीत आहे. तिच्यामागे वैद्यकीय कारण आहे, मात्र ठरलेल्या दिवशी ती गोळी थांबली पाहिजे. शिवाय फिट आवरणे, दारू सोडवतानाचे गंभीर त्रास टाळणे, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला शांत करणे यांसाठी या औषधांची उपयुक्तता वादातीत आहे.

तिसरा मुद्दा बंदीच्या परिणामांचा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १ जानेवारी १९८९ पासून या औषधांसाठी तीन प्रतींतील विशेष चिठ्ठी सक्तीची केली. वापर झपाट्याने घटला. पण मेप्रोबामेट, क्लोरल हायड्रेट यांसारखी जुनी आणि अधिक धोकादायक औषधे लिहून देण्याचे प्रमाण वाढले. वृद्धांमधील खुब्याचे अस्थिभंगही अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दीर्घकाळ स्थिर मात्रेवर असलेल्या ज्या रुग्णांची गोळी बंद झाली, त्यांच्यात ती चालू राहिलेल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. गोळी थांबवणे हेच त्याचे कारण होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ‘आजपासून बंद’ हा मार्ग बिनधोक नाही, एवढे निश्चित होते.

मावळात प्रश्न वेगळा का?

मानसोपचाराच्या सोयी शहरांत एकवटल्या आहेत, हे देशव्यापी वास्तव आहे. दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण भरत नाही. हे प्रमाण ०.७५ असल्याचे मानले जाते. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. महाराष्ट्राचा त्या बारा राज्यांत समावेश नव्हता.

मावळात तळेगाव दाभाडे येथे मायमर वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, कान्हे येथे शासकीय रुग्णालय आहे आणि जिल्ह्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याला आहे. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. पवन मावळातील किंवा आंदर मावळातील एखाद्या वाडीतून तेथे जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. त्यातून ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाण्याचा संकोच. अशा परिस्थितीत गावातील किंवा बाजारपेठेतील जनरल प्रॅक्टिशनर हाच मनोविकारांचाही पहिला आणि अनेकदा शेवटचा डॉक्टर ठरतो. ओपीडीच्या गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. चिंतेचे मूळ शोधण्यास तासभर लागतो. गोळी लिहिण्यास अर्धे मिनिट. वादाचे एक कारण या हिशेबात आहे.

काही चिंतांचे मूळ मेंदूच्या रसायनांत नसून परिस्थितीत असते, याचाही मावळाने अनुभव घेतला आहे. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि कामगारांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. नोकरी जाण्याच्या धास्तीने उडालेली झोप गोळीने काही रात्री परत येईल, मात्र हप्ते भरण्याचा प्रश्न सकाळी तसाच असेल. गोळीचे काम तेवढ्या रात्रींपुरतेच आहे, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही आरंभीच मान्य करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

आकस्मिक दुर्घटनांनंतरची स्थिती आणखी निराळी. लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगांतून वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना ‘झोप लागू दे’ या सद्भावनेने गोळी किंवा इंजेक्शन दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवले आहे, की भयंकर घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात धक्क्याची लक्षणे कमी करण्यासाठी बेंझोडायझेपीन देऊ नये. दुःखात असलेल्या, पण मानसिक आजार नसलेल्या व्यक्तीलाही ते देऊ नये. शोक हा आजार नाही. त्या दिवसांत माणसाजवळ कोणीतरी बसून राहणे, त्याला बोलू देणे, रडू देणे, जेवणखाण आणि व्यवहारातील अडचणी पाहणे, ही मदत अधिक मोलाची ठरते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले ठेवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत हे शहाणपण आहेच.

चौथी बाब रस्त्याची. सुमारे ९५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मावळाला चिरून जातो. २००२ मध्ये तो पूर्णपणे खुला झाल्यापासून या टापूत वाहन चालवणे हा हजारोंचा व्यवसाय बनला आहे. आदल्या रात्री घेतलेल्या गोळीचा असर सकाळीही उरलेला असू शकतो आणि प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो. बोरघाटाच्या उतारावर अशा विलंबाची किंमत मोठी असते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ केवळ दारूपुरते नाही. वाहनावर नियंत्रण राहणार नाही इतक्या औषधी द्रव्याच्या अमलाखाली वाहन चालवणे हाही त्याखाली गुन्हा आहे. आपण वाहन चालवतो, यंत्रावर काम करतो, ही गोष्ट रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी.

कायदा काय सांगतो?

ही औषधे १९८५ च्या अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या, म्हणजेच ‘एनडीपीएस’ कायद्याच्या अनुसूचीत आहेत. शिवाय १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम यांचा समावेश आहे. त्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करता येत नाही. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची नोंद केमिस्टने स्वतंत्र नोंदवहीत करावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी नियमावली जाहीर केली, तेव्हा एनडीपीएस अनुसूचीतील औषधे फोनवरून वा व्हिडिओवरून लिहून देण्यास मनाई केली.

कायदा आहे, तरी गळती आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक शामक औषधांचा वैद्यकीय कारणाविना वापर करीत होते. संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्र हे त्यातील आघाडीच्या राज्यांपैकी एक होते. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ या नावाने अल्प्राझोलामचा नशेसाठी होणारा व्यापार पोलिसांची डोकेदुखी ठरला आहे. मात्र नशेबाजाचा बंदोबस्त करताना खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले, तर तो चिठ्ठीच्या मार्गाने न जाता आडमार्गाने गोळी मिळवू लागेल. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध घेणे, शेजाऱ्याचे उरलेले पाकीट वापरणे, हे प्रकार त्यातूनच वाढीस लागतात.

पर्याय आहेत का?

चिंताविकारावर सर्वाधिक पुरावा असलेला औषधाविना उपचार म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी ‘सीबीटी’ ही पद्धत. भीतीला टाळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने तिला सामोरे जाण्यास यात शिकवले जाते. तिला प्रशिक्षित समुपदेशक लागतो आणि वेळही. तालुक्याच्या ठिकाणी या दोन्हींचा तुटवडा आहे.

योगाविषयी लोणावळ्यात बोलणे अपरिहार्य आहे. याबाबत २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. सततच्या चिंतेने ग्रस्त अशा २२६ प्रौढांचे तीन गट करण्यात आले. सीबीटी घेतलेल्यांपैकी ७०.८ टक्के, कुंडलिनी योग करणाऱ्यांपैकी ५४.२ टक्के आणि ताणाविषयी केवळ माहिती दिलेल्यांपैकी ३३ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. म्हणजे योगाचा उपयोग झाला, पण सीबीटीची बरोबरी तो करू शकला नाही. योगसाधना पूरक उपचार म्हणून स्वीकारावी; मात्र वर्गात नाव नोंदवले म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनाने फेकून देऊ नये, हाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

निदानापूर्वी काही तपासण्याही हव्यात. थायरॉइडचा अतिरेक, रक्तातील लोहाची कमतरता, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दिवसभरातील चहा-कॉफीचे प्रमाण, दारू उतरतानाचा कंप या सर्वांचे रूप चिंतेसारखेच असते. त्यांवर शामक गोळी दिली तर मूळ दुखणे झाकले जाते.

सोडायची तर कशी?

वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांनी हा मजकूर वाचून आज रात्रीच ती बंद करणे, ही सर्वांत धोकादायक गोष्ट ठरेल. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रेत पाच ते दहा टक्के कपात करण्याचा विचार करावा आणि कोणत्याही परिस्थितीत दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कपात करू नये. या हिशेबाने गोळी सुटण्यास कित्येक महिने लागतात. काहींना वर्षही लागते. मध्येच त्रास वाढला तर आहे त्या मात्रेवर थांबता येते. ज्यांना पूर्वी फिट आली आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा जे दारूचे सेवन करतात, त्यांच्या बाबतीत तज्ज्ञांची देखरेख अनिवार्य आहे. काही वृद्ध रुग्णांत पूर्ण बंद करण्यापेक्षा मात्रा निम्म्यावर आणणे हेही यश मानावे लागते.

औषध चांगले की वाईट, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मिळणार नाही. पण किती दिवसांसाठी, कशासाठी आणि थांबवण्याची तारीख कोणती, हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहिले गेले, तर या वादातील बराचसा भाग उरणारच नाही. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि मोठ्या रुग्णालयाचीही नाही. डॉक्टरांची पाच मिनिटे आणि रुग्णाचा एक प्रश्न एवढे पुरे आहे.

डॉक्टरांना हे अवश्य विचारा

• या गोळीत बेंझोडायझेपीन आहे का? एकाच गोळीत दोन औषधे आहेत का?

• ती किती दिवस घ्यायची? कमी कधी आणि कशी करायची?

• मी वाहन किंवा यंत्र चालवतो, रात्रपाळी करतो. चालेल का?

• खोकल्याचे, वेदनेचे किंवा अन्य कोणते औषध चालू असल्यास सोबत घेता येईल का?

• गरोदरपण, स्तनपान, दमा, घोरणे किंवा यकृताचा विकार असल्यास काय काळजी घ्यावी?

• समुपदेशनाची सोय जवळपास कोठे आहे?

मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून, १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.